पाहिजे : आठवी खेळाडू

आपल्या कॉलेजला मुलींची बास्केटबॉल टीम आहे, हे वाचून निम्म्या हॉस्टेलला नवल वाटेल. आहे हो! मेसच्या मागे, जिथे गॅदरिंगच्या दिवसांत मंडपाचे बांबू पडलेले असतात, तिथेच आम्ही रोज संध्याकाळी रेक्टर मॅडमच्या हजेरीपर्यंत असतो. गेल्या सीझनचा आमचा निकाल नोटीस बोर्डावर लागला नाही, म्हणून इथे देते. सामने पाच, पराभव पाच. मुलांनी ट्रॉफी आणली, तिचा फोटो जिमखान्यात लागला. आम्हाला ‘पार्टिसिपेशन’ची सर्टिफिकेटं मिळाली, त्यातही दोघींच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

पहिले चार सामने सांगण्यासारखे नाहीत. समोरच्या मुली उंच होत्या, त्यांना कोच होता आणि वॉर्म-अप बघूनच आम्ही अर्ध्या हरलो होतो. पाचवा मात्र अजून डोक्यातून जात नाही. मुळात आम्ही सात जणी. एकीचा घोटा पहिल्या हाफमध्येच मुरगळला आणि दोघी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर बसल्या. नियम असा आहे की सामना सुरू करायला पाच जणी लागतात, पण एकदा सुरू झाला की कोर्टवर दोघी उरेपर्यंत तो चालू राहतो. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं आम्ही चौघी त्या पाच जणींशी खेळलो आणि तीन पॉइंटनी हरलो. तीन! परतीच्या एस.टी.त कॅप्टनने स्कोअरशीट उघडली. आम्हाला फ्री थ्रो मिळाले होते १४, गेले ४.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्डापासून ४.६ मीटरवर एक रेघ असते, समोर ३.०५ मीटर उंचीवर रिंग. त्या रेघेवर उभं राहिलं की अंगावर कोणी येत नाही, हात कोणी धरत नाही. उंची कमी, कोच नाही, बूट फाटके... ही सगळी कारणं त्या रेघेपाशी संपतात. बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. घेतलेले वडापाव गार झाले, यावरून काय ते समजा.

परीक्षेच्या तोंडावर जिमखान्याच्या सरांनी बोलावलं. म्हणाले, “दोघी फायनल इयरच्या, त्या जाणार. राहिल्या पाच. एक आजारी पडली की एन्ट्री फी पाण्यात. सप्टेंबर अखेर मला आठ जणींची यादी द्या, नाहीतर यंदा मुलींची टीम पाठवता येणार नाही.” सर वाईट नाहीत, त्यांनाही ऑफिसला हिशेब द्यावा लागतो. पण टीम एकदा बंद पडली की पुन्हा सुरू होत नाही. मुलींच्या व्हॉलीबॉलचं तेच झालं. त्या नेटवर आता मेसची फडकी वाळतात.

पी.एल.मध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं. तसं मला एका रात्री कॅलटेक सापडलं. अमेरिकेतलं हे कॉलेज, नोबेलवाल्यांची खाण, आपल्यासारखंच इंजिनिअरिंग आणि सायन्सवाल्या पोरांचं. त्यांची मुलांची टीम १९८५ पासून आपल्या लीगमध्ये ओळीने ३१० सामने हरली! तीनशे दहा. २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४५-४५ बरोबरी असताना, ३.३ सेकंद शिल्लक असताना, रायन एल्मक्विस्टने फ्री थ्रो टाकला आणि ते ४६-४५ ने जिंकले. आणखी एक गंमत. हा खेळ ज्यांनी १८९१ मध्ये शोधला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे कोच झाले. त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव. त्या टीमच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच, तो म्हणजे खेळाचा बाप. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा कॅप्टनचा रिप्लाय आला, “३१० पर्यंत थांबायचं का मग?”

थांबायचं नव्हतं. सुट्टीत प्रत्येकीने जिथे असेल तिथे रोज ५० फ्री थ्रो टाकायचे आणि आकडा ग्रुपवर लिहायचा, असं ठरलं. लातूरवालीला शाळेच्या ग्राउंडवर वाकडी रिंग मिळाली. चिपळूणवालीला तीही नाही. तिने काकांना शिडीवर चढवून भिंतीवर ३.०५ मीटरवर खडूने गोल काढून घेतला आणि आजीचा ओरडा खाल्ला. माझ्या वाट्याला गणित आलं. रिंगचा व्यास ४५ सें.मी., आमचा सहा नंबरचा बॉल साधारण २३ सें.मी. बॉल जितका सपाट येतो तितकी रिंग त्याला अरुंद होत जाते. साधारण ३१ अंशांपेक्षा सपाट आला, तर रिंगला न घासता आत जाणं भूमितीलाच मंजूर नाही. आम्ही सगळ्या सपाट फेकत होतो, दगड मारल्यासारखं. हात उंच ठेवून, ५० अंशांच्या थोडं वर सोडला की बॉल वरून उतरतो. मेकॅनिक्सच्या पेपरात एवढं नीट कधी सुटलं नव्हतं.

मराठीतून मोजणं हे मात्र माझ्यासाठी वेगळंच प्रॅक्टिस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिटी वाजवून “फॉर्टी-नाइन!” ओरडायच्या. इथे लातूरवाली “एकोणपन्नास” म्हणते आणि मी मनात एकोणसाठ की एकोणपन्नास हे लावत बसते, तोवर बॉल परत हातात.

पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ चढलं. मेसच्या काकांनी खराटे दिले, ब्लीचिंग पावडर आम्ही वर्गणीतून आणली आणि दोन रविवार घासलं. मुलं गॅलरीतून बघत होती. दुसऱ्या रविवारी त्यातले तिघे खाली उतरून बादल्या भरून द्यायला लागले, हेही लिहिलं पाहिजे.

फर्स्ट इयरच्या दोघी आल्या आहेत. एक खो-खो खेळलेली आहे. ड्रिबल अजून पायावर आपटतो, पण धावता धावता अशी गर्रकन वळते की समोरची बघतच राहते. दुसरीने बॉल पहिल्यांदाच हातात घेतला, ती आता ५० पैकी १९ टाकते. मी ३१ वर आहे. कॅप्टन ३८.

म्हणजे यादीत झाल्या सात. संध्याकाळी साडेपाचला या. बूट नसले तर माझे जुने आहेत, पाच नंबरचे.