थांबवता येणारा खेळ

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'हाफ-लाइफ' या कॉम्प्युटर गेमला २५ वर्षं झाली. त्या निमित्ताने व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने तो काही दिवस फुकट वाटला. त्या दिवसांत ज्याने घेतला, त्याच्याकडे तो कायमचा राहिला. मीही घेतला. प्रश्नपत्रिका टाइप करण्यासाठी ठेवलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो सहज चालला, कारण १९९८ सालच्या कॉम्प्युटरच्या मानाने आजचा साधा लॅपटॉपही पहिलवान आहे.

उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आणि बंदुकीचे खेळ, हे जमतं कसं, असं काही वाचकांना, विशेषतः भगिनींना, वाटेल. वाटू द्या. आधी खेळ काय आहे ते सांगतो.

यात पडद्यावर नायक दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि खाली फक्त त्याचे हात. हा नायक पोलीस नाही, पैलवान नाही. गॉर्डन फ्रीमन नावाचा २७ वर्षांचा, चष्मा लावणारा, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जमिनीखाली 'ब्लॅक मेसा' नावाची प्रचंड प्रयोगशाळा आहे, तिथे तो नोकरी करतो. एक प्रयोग बिघडतो आणि दुसऱ्या जगातले जीव भिंतींतून, हवेतून प्रकट होऊ लागतात. मग लष्कर येतं. सुटका झाली म्हणून शास्त्रज्ञ धावत पुढे जातात आणि सैनिक त्यांनाच गोळ्या घालतात, कारण झालेली गोष्ट बाहेर फुटू द्यायची नसते. फ्रीमनच्या हातात सुरुवातीला असते फक्त एक लोखंडी पहार. तेवढ्यावर त्याला जिवंत बाहेर पडायचं आहे.

खेळ सुरू होतो तो मात्र एका गाडीच्या डब्यात. फ्रीमन कामावर निघाला आहे. जवळजवळ पाच मिनिटं आपण काहीच करू शकत नाही. डब्यात फिरायचं, खिडकीतून बोगदे, क्रेन, कामावरची माणसं बघायची. त्या काळात असे खेळ पहिल्या क्षणापासून गोळीबाराने सुरू होत, त्यामुळे जगभर या सुरुवातीचं नवल झालं. कल्याणच्या माणसाला त्यात नवल कसलं? मी तेव्हा कॉलेजला ठाण्यापर्यंत फास्ट लोकलने जायचो. १९१६ सालापासूनचा तो सव्वा किलोमीटरहून लांब पारसिकचा बोगदा, डब्यातला काळोख, कानात दाटणारा आवाज, आणि पलीकडे एकदम उजेड. ही सुरुवात मला घरचीच वाटली होती.

२००१ च्या सुमारास कल्याण पश्चिमेला स्टेशनकडून शिवाजी चौकाकडे येताना सायबर कॅफेंची रांग असायची. मी जायचो तिथे तासाला २५ रुपये होते. एका गाळ्यात दहा-बारा मशीन, वर एक पंखा, आणि केबलने एकमेकांना जोडलेली पोरं. सगळे खेळायचे 'काउंटर-स्ट्राइक'. तोही 'हाफ-लाइफ'च्याच पोटातून निघालेला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'मध्ये बदल करून तो बनवला आणि पुढच्या वर्षी व्हॉल्व्हने आपल्याकडे घेतला. त्यात दोन टोळ्या असतात, एक पोलिसांची आणि एक अतिरेक्यांची. बॉम्ब लावायचा किंवा लावू द्यायचा नाही.

अतिरेकी कोण होणार, हा प्रश्न आमच्या कॅफेत दोन सेकंदांत सुटायचा. सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. ती माझीच दोस्त मंडळी होती, ईदला घरी शीरखुर्मा प्यायला येणारी. त्यांच्या मनात काही होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला. आमच्याच लाइनवर. त्यानंतर कॅफेत कोणी ती थट्टा केली नाही. टोळ्या पाडायची वेळ आली की सगळे गप्प बसायचे आणि कोणीतरी घाईघाईने म्हणायचं, 'मी होतो, मी होतो.' ती शांतता मला थट्टेपेक्षा जड गेली. मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसू लागलो, एकटा, 'हाफ-लाइफ' घेऊन.

त्यात नाव विचारायला कोणी नव्हतं. फ्रीमन अख्ख्या खेळात एक शब्द बोलत नाही. लोक त्याच्याशी बोलतात, त्याची चेष्टा करतात, त्याला विनवण्या करतात, तो गप्प. बी.एड.च्या वर्षात मी तो पहिल्यांदा पुरा केला, मग नोकरी लागली, निकाह झाला, आणि ते सगळं मागे पडलं.

माझी मोठी आपा मुंब्र्याला कौसा भागात राहते. दूल्हाभाई दमामला असतात. त्यांचा मुलगा अकरावीची परीक्षा देऊन २०२४ च्या मे महिन्यात पंधरा दिवस आमच्याकडे आला. पाठवताना आपाने फोनवर एकच तक्रार केली होती, 'रात्रंदिवस मोबाइल. मगरिबची अजान झाली तरी उठत नाही. तू मास्तर आहेस, बघ काय ते.'

दोन-तीन दिवस मी फक्त बघत राहिलो. तो फोनवर जो खेळ खेळतो त्याचं नाव लिहीत नाही, तसले खेळ सगळे एकाच घडणीचे आहेत. चौघांची टोळी, समोर देशभरातली अनोळखी माणसं, आणि एक डाव साधारण २५-३० मिनिटांचा. मधेच थांबवायची सोयच नाही. उठलात तर आपली बाकीची तिघं मरतात आणि शिव्या घालतात. मगरिबची अजान झाली की पोराचे पाय अस्वस्थ हलायला लागायचे, नजर दाराकडे जायची. 'मामू, बस दो मिनट.' मगरिबचा वक्त तो किती असतो! ज्याला नमाजची फिकीर नाही त्याचे पाय असे हलत नाहीत. माझं मत झालं की मुलगा बेपर्वा नाही, तो अडकला आहे, आणि ज्यांनी हा खेळ बनवला त्यांना तो असाच अडकून हवा आहे.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. त्याचं खेळातलं नाव भलतंच होतं, कुठल्याही धर्माचं वाटू नये असं, आणि माइक कायम बंद. टोळीतली बाकीची पोरं आपापसांत बोलतात, हा फक्त ऐकतो. मी सहज विचारलं. तो म्हणाला, एकदा माइक चालू असताना अम्मीने आतून नावाने हाक मारली. ती सगळ्यांना ऐकू गेली. त्यानंतर समोरून काय काय आलं ते त्याने मला खालच्या मानेने सांगितलं. ते शब्द इथे छापण्याजोगे नाहीत, आणि वाचकांना ते माहीत नाहीत असंही नाही. 'तेव्हापासून बंदच ठेवतो,' म्हणाला. माझ्या पिढीत निदान थट्टा करणाऱ्याचा चेहरा समोर असायचा आणि नंतर तोच चहा पाजायचा.

त्याच रात्री मी लॅपटॉप काढला.

आधी तो पोट धरून हसला. माणसांचे चेहरे काडेपेटीवर चिकटवल्यासारखे, बोटं एकमेकांना जोडलेली. मग कर्मचाऱ्यांच्या खोलीत त्याने मायक्रोवेव्हचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं आणि आत कोणाचं तरी जेवण फुटून भिंतीला लागलं, तेव्हा हसण्याचा सूर बदलला. दुसऱ्या दिवशी असरनंतर तो स्वतःच येऊन बसला. अजान झाली. मी म्हटलं, एस्केप दाब. दाबलं, आणि सगळं जागच्या जागी थांबलं. आम्ही मशिदीत जाऊन, नमाज पढून, येताना केळी घेऊन आलो, तर तो सैनिक बंदूक उगारून तसाच उभा. पोराला याचीच इतकी मौज वाटली की चार दिवस तो घरात सगळ्यांना तेच सांगत होता. एफ-सहाचं बटण दाबलं की खेळ जिथे आहे तिथे जपून राहतो, हे कळल्यावर जेवायला बोलावणंही सोपं झालं. कोणी रुसत नाही, कोणी हरत नाही. आमच्या इमामसाहेबांचा सूरह अस्रवरचा बयान त्याने आधीही ऐकला असेल, पण वेळेबद्दल त्या पंधरा दिवसांत आमच्यात जितकं बोलणं झालं तितकं कधी झालं नव्हतं, आणि ते मी सुरू केलेलं नव्हतं.

खेळात एक प्रकरण आहे, रॉकेटच्या इंजिनाची चाचणी घेण्याच्या खोल विहिरीसारख्या जागेचं. तिथे तीन लांब माना खालून वर आल्या आहेत, टोकाला चोच. त्यांना दिसत नाही, त्या आवाजावर झडप घालतात. बंदूक त्यांच्यापुढे निरुपयोगी. हळू चालायचं, आवाज करायचा नाही. फार तर दुसरीकडे हातबॉम्ब फेकून त्यांचं लक्ष तिकडे वळवायचं. मग इंधन, ऑक्सिजन आणि वीज असे तिन्ही चालू करून ते इंजिनच पेटवायचं. फोनवर धडाधड गोळ्या झाडणारा हा मुलगा तिथे बारा-तेरा वेळा मेला. माझ्याकडे बघायचा, मी वह्या तपासायचो. शेवटी श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत पार झाला. वह्या बाजूला ठेवून मीही श्वास रोखला होता.

काही दरवाजे असे आहेत की ते शास्त्रज्ञांच्याच डोळ्यांची ओळख पटली तर उघडतात. म्हणजे घाबरलेल्या, बडबड्या, हातात काहीही नसलेल्या माणसाला सांभाळून तिथवर न्यावं लागतं. तो मेला तर आपणही अडकलो.

पण भाच्याने मला एक गोष्ट दाखवली, जी वीस वर्षांपूर्वी माझ्या नजरेत भरली नव्हती. हिरवट तपकिरी, एकच मोठा लाल डोळा असलेले जीव हातांतून वीज फेकतात. आम्ही कॅफेत त्यांना दिसताक्षणी मारायचो. तो एकाच्या प्रेतापाशी थांबला. 'मामू, याच्या हातात बेड्या आहेत. गळ्यात पट्टाही.' खरंच होत्या. ते गुलाम आहेत. शेवटी-शेवटी एका कारखान्यात ते राबताना दिसतात, आणि आपण छेडलं नाही तर त्यातले बरेचसे आपल्या वाटेला जात नाहीत. तिथून पुढे भाचा त्यांच्यावर गोळी झाडण्याआधी थांबून बघायचा. त्यात तो दोनदा मेलाही. २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात हेच जीव फ्रीमनच्या बाजूने उभे राहतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

मी या खेळाची वकिली करायला बसलेलो नाही. यात रक्त आहे, माणसं मारावी लागतात. अमेरिकेत त्याला १७ वर्षांवरच्यांसाठीचा शेरा होता. जर्मनीत तर तिथल्या नियमांमुळे सैनिकांच्या जागी यंत्रमानव घालून तो विकावा लागला. आठवी-नववीच्या मुलाच्या हातात मी तो देणार नाही, आणि बारावीच्या मुलालाही एकटं बसवून देणार नाही. शिवाय खरं सांगायचं तर शेवटचा चौथा हिस्सा कंटाळवाणा आहे. परक्या जगात तरंगत्या खडकांवरून उड्या मारत बसायचं आणि सारखं खाली पडायचं. मला तो तेव्हाही आवडला नव्हता.

मात्र पालकसभेत 'गेम' हा शब्द निघाला की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो, ते मला पटत नाही. मुलाच्या हातातला खेळ थांबवता येतो का, तो कधी संपतो का, त्यात मधेच पैसे मागतात का, पलीकडे कोण आहे, आणि मुलगा तिथे कोणत्या नावाने वावरतो, हे आईबापांनी विचारायला हवं. यातला शेवटचा प्रश्न मी स्वतः कोणत्याही सभेत ऐकलेला नाही.

तेराव्या दिवशी त्याने खेळ पुरा केला. शेवटी कोट-टाय घातलेला, ब्रीफकेस धरलेला एक माणूस येतो. खेळभर तो लांबून दिसत राहिलेला असतो. तो फ्रीमनला सांगतो, माझ्या मालकांकडे नोकरी आहे. हवी असेल तर या दारातून ये, नाहीतर जिंकता येणार नाही अशी लढाई आहे. भाच्याने पहिल्यांदा नकार दिला. निःशस्त्र फ्रीमन त्या जीवांच्या घोळक्यात उभा, आणि संपलं. मग एफ-सात दाबून तो मागे गेला आणि दारातून शिरला. नोकरीवर घेतल्याची नोंद पडद्यावर उमटली. 'पगार किती ते पण नाही सांगितलं,' म्हणाला.

रात्री दमामहून दूल्हाभाईंचा व्हिडिओ कॉल आला. एरवी 'जी अब्बू, ठीक अब्बू' म्हणून फोन अम्मीकडे देणाऱ्या पोराने त्यांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तिकडे जेवणाची सुट्टी संपली तरी गुलामांच्या बेड्यांपर्यंतच आला होता.

फोनवरचा खेळ सुटला का? नाही. मुंब्र्याला गेल्यावर पहिल्या आठवड्यात परत सुरू झाला. आपा म्हणते, आता मगरिबच्या आधी अर्धा तास नवा डाव लावत नाही, एवढं मात्र झालं. खेळातलं नाव तेच आहे, माइक बंदच आहे. दुसरा भाग कधी देणार, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं, बारावीची परीक्षा झाल्यावर. तो पहिल्या घटक चाचणीपर्यंत खाली आणायला बघत होता आणि बोलणी बरेच दिवस चालू होती.