केल्या कामाची माफी

आपल्याकडे उमेदवार ठरतो मध्यरात्री, कुणाच्या तरी बंगल्यावर. एबी फॉर्म कुणाच्या खिशात गेला ते सकाळी कळतं. अमेरिकेत तिकीटवाटप मतदारच करतात, तेही भर चौकात आणि वर्षभर. २०१२ च्या अध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांनी उमेदवार शोधला तेव्हा तब्बल वीस वादविवाद झाले. त्यातले काही पुन्हा पाहतो आहे आणि सुचेल ते टिपतो आहे. निकाल ठाऊक असलेल्या सामन्याचं एक सुख असतं. चेंडूवरची नजर काढून खेळाडूंचे चेहरे बघता येतात.

*

गुणदोष लिहायला वहीत दोन रकाने आखले आणि पहिल्याच नावाशी अडलो. मिट रॉम्नी. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना एप्रिल २००६ मध्ये त्यांनी आरोग्यविम्याचा कायदा केला. सहीच्या वेळी व्यासपीठावर टेड केनेडी होते. पक्ष विरोधी, शिवाय १९९४ च्या सिनेट निवडणुकीत रॉम्नींना पाडलेलं ते यांनीच. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, ही त्या कायद्यातली अट काही डाव्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या पक्क्या उजव्या संस्थेने ती मांडली होती. २००८ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवारनिवडीत, हाच कायदा गाठीशी असलेले रॉम्नी प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्यापेक्षा अधिक उजवे गणले गेले. 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्यांच्या घरच्या नियतकालिकाने पाठिंबा दिला तो त्यांनाच.

मग मार्च २०१० मध्ये ओबामांनी त्याच वळणाच्या कायद्यावर सही केली, आणि रॉम्नींचा कायदा गुणांच्या रकान्यातून उठून दोषांच्या रकान्यात जाऊन बसला. त्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

त्याच महिन्यात रॉम्नींचं पुस्तक निघालं. नाव 'नो अपॉलॉजी'.

*

१० डिसेंबर २०११, डे मॉइन. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी म्हणतात, विम्याची सक्ती देशभर न्यावी असं तुम्ही त्या पुस्तकात सुचवलं होतं, नंतरच्या आवृत्तीत गाळलंत. रॉम्नी हात पुढे करतात: दहा हजार डॉलरची पैज! दुसऱ्या दिवशी पुस्तक सगळे विसरले, आकडा मात्र चांगला लक्षात राहिला. पैज लावावी तर चहाची. कोट्यधीश माणसाने तर नक्कीच.

*

पेरी म्हणजे कागदावर सोन्यासारखं स्थळ. दहा वर्षांहून जास्त काळ गव्हर्नर, एकही निवडणूक न हरलेले, नोकऱ्या वाढत असलेलं राज्य, चर्चला जाणारं घर, पायात काउबॉय बूट. ऑगस्टमध्ये शर्यतीत उतरले आणि बघता बघता चाचण्यांत सर्वांच्या पुढे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती वादविवादांत उघडावी लागली.

त्यांचं नाव निघालं की सगळ्यांना ९ नोव्हेंबर आठवतो. आपण तीन सरकारी खाती बंद करणार, असं सांगायला गेले आणि तिसऱ्याचं नावच आठवेना. बोटं मोजून झाली, कागद चाळून झाले, शेवटी तोंडातून 'उप्स' निघालं. पण तारखा लावून पाहिल्या तर पेरी त्याच्या आधीच बुडाले होते. २२ सप्टेंबरला, ऑरलँडोत. २००१ मध्ये त्यांनी एका कायद्यावर सही केली होती: कागदपत्रांविना आलेल्या कुटुंबांतली जी मुलं टेक्सासच्याच शाळांत शिकली, त्यांना कॉलेजची फी इतर टेक्सासकरांइतकीच पडावी. असा कायदा करणारं टेक्सास हे देशातलं पहिलं राज्य. त्यावरून घेरल्यावर पेरी म्हणाले की या मुलांना शिकवू नका म्हणणाऱ्यांना काळीज नसावं. समोर बसलेल्यांना ते आपल्यालाच उद्देशून वाटलं. दोनच दिवसांनी फ्लोरिडातल्या कौलचाचणीत ते दुसरे इच्छुक हर्मन केन यांच्या कितीतरी मागे पडले. पुढे 'काळीज' या शब्दाबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

ऑरलँडोच्या दहा दिवस आधी टँपात प्रतिस्पर्धी मिशेल बाकमन यांनी त्यांना लसीवरून धरलं होतं. सहावीतल्या मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस द्यायचा आदेश पेरींनी २००७ मध्ये काढला होता. (विधिमंडळाने तो उलटवला.) लस बनवणाऱ्या कंपनीकडून देणगी घेतलीत, असा आरोप झाला. पेरींचं उत्तर: पाच हजार डॉलरमध्ये मी विकला जाईन असं वाटत असेल तर तो माझा अपमान आहे. सभागृह हसलं असेल, पण माझ्या मनात भाव काय असेल हा प्रश्न राहिलाच.

म्हणजे गरिबांच्या मुलांची फी आणि मुलींची लस. पेरींच्या कारकिर्दीतल्या ज्या दोन गोष्टी मला बऱ्या वाटल्या, नेमक्या त्याच त्यांच्या अंगाशी आल्या.

*

हाच धागा इतरांच्या बाबतीतही लागतो का, ते बघू लागलो.

जॉन हंट्समन. २००८ मध्ये युटात पाऊण हिश्शाहून जास्त मतं घेऊन दुसऱ्यांदा गव्हर्नर झालेले. करकपात केलेले, गर्भपाताचे विरोधक, चिनी भाषा बोलणारे. कुंडली कोणत्याही उजव्याला पसंत पडावी अशी. पण ओबामांनी बोलावलं म्हणून बीजिंगला राजदूत म्हणून गेले. देशाचं काम केलं, ते 'त्यांच्या' सरकारसाठी केलं. न्यू हॅम्पशायरच्या वादविवादात रॉम्नींनी हे काढलं तेव्हा हंट्समन म्हणाले, देश दुभंगलाय तो याच वृत्तीमुळे. टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी मतदानात तिसरे आले, आणखी आठवड्याने बाहेर पडले आणि रॉम्नींनाच पाठिंबा देऊन मोकळे झाले.

रिक सँटोरम. शिक्षा भोगून सुटलेल्या गुन्हेगारांना मताचा अधिकार परत मिळावा, या बाजूने त्यांनी सिनेटमध्ये मत दिलं होतं. रॉम्नींच्या समर्थकांनी त्याचीच त्यांच्याविरुद्ध जाहिरात केली. मर्टल बीचच्या वादविवादात त्यांनी रॉम्नींना सरळ विचारलं, यात चूक काय ते सांगा. दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाचा होता. माझ्या मते अख्ख्या मोसमातला हा त्यांचा सर्वांत चांगला क्षण. बाकी वेळी ते कॉलेजात जा म्हणणाऱ्या ओबामांना शिष्ट ठरवत होते, ते सोडून देऊ.

न्यूट गिंग्रिच. कागदपत्रांविना पंचवीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या, नातवंडं असलेल्या माणसाला उचलून देशाबाहेर टाकू नका, असं नोव्हेंबरमध्ये म्हणाले आणि लगेच सारवासारव करत बसले. हवामानबदलावरच्या जाहिरातीत २००८ मध्ये विरोधी पक्षाच्या नॅन्सी पलोसींच्या शेजारी सोफ्यावर बसले होते. तो गेल्या काही वर्षांतला आपला सर्वांत मोठा मूर्खपणा होता, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. तीन लग्नं आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जसंस्थेकडून सल्ल्याचे म्हणून घेतलेले सोळा लाख डॉलर, यांबद्दल मात्र ते इतके वरमले नाहीत.

*

गिंग्रिच यांच्यावर थोडं थांबायला हवं, कारण गुणदोषांचा सगळा हिशेब त्यांनी एका संध्याकाळी उलटा केला. १९ जानेवारी २०१२, साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. दुसऱ्या पत्नीने मुलाखतीत केलेल्या आरोपांवर सीएनएनच्या जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न टाकला. गिंग्रिच उत्तर देण्याऐवजी प्रश्नावरच, आणि सगळ्या माध्यमांवर, तुटून पडले. सभागृह उभं राहिलं. ज्या राज्यातले मतदार धर्म आणि कुटुंब यांची आण घेतात, तिथे दोनच दिवसांनी त्यांना ४० टक्के मतं आणि पहिल्या लग्नाशी चाळीसहून जास्त वर्षं एकनिष्ठ राहिलेल्या रॉम्नींना २८.

आपल्याकडे ज्याला 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात, त्यावरून मत देणारेही त्या दिवशी गिंग्रिचकडे झुकले होते. उजव्यांचे विचारवंत विल्यम बकली यांचा जुना नियम होता: जिंकू शकेल अशांतला सर्वांत उजवा निवडा. यातलं 'जिंकू शकेल' हे ठरवायचं कशावरून? साउथ कॅरोलायनाचं उत्तर असं होतं की जो वृत्तनिवेदकाला झोडपतो तो ओबामांनाही झोडपेल. रागाची ताकद म्हणजेच निवडून यायची ताकद. २०१२ मध्ये हे उत्तर दहा दिवस टिकलं. फ्लोरिडात रॉम्नींनी पैशाच्या जोरावर गिंग्रिचना चौदा टक्क्यांनी लोळवलं. मतदानाआधी काहीच दिवस गिंग्रिच यांनी चंद्रावर वसाहत वसवण्याचं वचन दिलं होतं, त्याने फारशी मदत झाली नसावी.

चार वर्षांनी तेच उत्तर घेऊन दुसरा माणूस आला. त्याचीही लग्नं तीनच.

*

११ ऑगस्ट २०११, एम्स. मंचावर आठ जण. प्रश्न: एक डॉलर कर वाढवायचा आणि बदल्यात दहा डॉलर खर्च कापायचा, असा सौदा कोण धुडकावेल? आठही हात वर. हंट्समनचासुद्धा. बाजारात एकाला दहा मिळत असताना पाठ फिरवणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. पण इथे सौदा करणं हाच गुन्हा होता.

*

सगळ्यांना मोजायची फूटपट्टी म्हणजे रेगन. सिमी व्हॅलीतल्या त्यांच्या स्मारक ग्रंथालयात वादविवाद झाला तेव्हा त्यांचं विमानच मागे उभं होतं, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं. त्याच रेगन यांनी कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल केले, अध्यक्ष असताना १९८२ मध्ये करवाढ केली आणि १९८६ च्या कायद्याने पंचवीस लाखांहून जास्त बेकायदा स्थलांतरितांना राहण्याची परवानगी दिली. ते स्वतः त्या रांगेत उभे असते तर पहिल्या अर्ध्या तासात गारद झाले असते.

*

रॉन पॉल यांचं वेगळंच. बाळंतपणं करणारा डॉक्टर, वय शहात्तर, म्हणणं तीस वर्षं तेच: युद्धं नकोत, मध्यवर्ती बँक नको. परराष्ट्र धोरणात दुसऱ्यांशी तसंच वागावं जसं त्यांनी आपल्याशी वागावंसं वाटतं, असं मर्टल बीचला म्हणाले. येशूचीच शिकवण ती, पण साउथ कॅरोलायनातल्या श्रोत्यांनी हुर्यो केली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

आयोवात ते तिसरे आले होते. त्या मोजणीची कथा अशी: ३ जानेवारीच्या रात्री रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, पंधरवड्याने सँटोरम चौतीस मतांनी पुढे असल्याचं कळलं, आणि आठ केंद्रांचे आकडे सापडलेच नाहीत. सँटोरम यांनी ९९ च्या ९९ काउंट्या पालथ्या घातल्या होत्या. विजयाची बातमी आली तेव्हा ऐकायला कुणाला वेळ नव्हता. आणि ऑगस्टमध्ये पक्षाच्या टँपातल्या अधिवेशनात आयोवाच्या २८ डेलिगेटपैकी, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींपैकी, २२ जणांनी मत दिलं रॉन पॉल यांना! कॉकसच्या, म्हणजे आयोवातल्या मतदानसभांच्या, रात्री सगळे घरी गेल्यावर त्यांची पोरं खुर्च्या न सोडता बसून राहिली होती, डेलिगेटची निवड व्हायची होती म्हणून. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

*

पेरी जे खातं विसरले ते ऊर्जा खातं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना त्याच खात्याचं मंत्री केलं. सिनेटपुढच्या सुनावणीत त्यांनी सांगितलं की हे खातं बंद करा म्हटल्याचा आपल्याला पस्तावा होतो. या एका माफीबद्दल माझी तक्रार नाही.

*

ऑक्टोबर २०१५. स्टेपल्स या दुकानसाखळीचे संस्थापक टॉम स्टेमबर्ग वारले. विम्याच्या कायद्यासाठी रॉम्नींच्या मागे लागलेले ते हेच. 'बोस्टन ग्लोब'शी बोलताना रॉम्नींनी हिशेब मांडला: टॉम नसते तर माझा कायदा झाला नसता, माझा नसता तर ओबामांचा झाला नसता, म्हणजे टॉममुळे कितीतरी लोकांना विमा मिळाला.

मित्राच्या जाण्याच्या दुःखात, निवडणूक डोक्यावर नसताना, नऊ वर्षांपूर्वीचं स्वतःचं काम त्यांनी पुन्हा गुणांच्या रकान्यात उचलून ठेवलं. थोड्याच वेळात फेसबुकवर त्यांचा खुलासा आला: ओबामांच्या कायद्याला आपला विरोध कायम आहे, तो फसला आहे.