रिकामा रकाना

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या महाविद्यालयात व्यवसाय-मार्गदर्शनाचा वर्ग झाला. शेवटी एक छापील कागद हाती आला. नाव, वर्ग, विषय लिहून झाले आणि पुढच्या रकान्यावर पेन अडले : ‘आपल्या अंगी असलेली कौशल्ये’. शेजारच्या मित्राने ‘क्रिकेट’ लिहून टाकले. मला तेही येत नाही. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

सुट्टीत वडिलांबरोबर मिरचीच्या मार्केटात जाऊ लागलो. आपल्या दोंडाईच्यात हे दृश्य कुणाला सांगायला नको. लाल ढीग, हवेत ठसका आणि शिंकत शिंकत होणारे सौदे! एका म्हाताऱ्या बाबांनी हिशेबपट्टी माझ्यापुढे धरली. ‘‘भाऊ, वाची दे ना.’’

नुसती वाचून भागेना. मग वजन, भाव, हमाली, तोलाई एकेक करून अहिराणीत उलगडून सांगितले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की, बारदानाचे वजन दोनदा वजा झाले आहे! मुनीमजींनी चष्मा पुसून पट्टी पाहिली आणि मुकाट्याने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चार पट्ट्या आल्या. ज्या अहिराणी हेलामुळे अकरावीत वर्ग मला हसला होता, तोच येथे उपयोगी पडत होता.

रात्री तो कागद पुन्हा काढला आणि साने गुरुजी आठवले. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या अमळनेरला ते आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. १९२४ मध्ये तेथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. पण गुरुजी ओळखले गेले ते छात्रालयात. मुलांचे पडेल ते काम करणारे, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढणारे! १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मुलांशी बोलण्याची ती हातोटी मात्र १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहितानाही त्यांच्याजवळच होती. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण न सांगता आपण जे करतो, तेथे शोधावे, एवढे मला कळले.

रकान्यात लिहिले : ‘अवघड कागद समोरच्याला त्याच्या बोलीत समजावता येतो.’ खाली ‘इच्छित व्यवसाय’ होते. तेथे पेन्सिलीने ‘शिक्षक’ लिहिले, शेजारी ‘वकील’. शिक्षकांच्या जागा किती निघतात ते आपण जाणतोच, आणि वकिलीला आणखी तीन वर्षांचा खर्च. काका तर बँकेच्या परीक्षेवर अडून बसले आहेत. दोन्ही शब्द तसेच ठेवून कागद वडिलांना दाखवला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी करून परत दिला.

‘‘सकाय येशी ना मार्केटमा?’’