हद्दींच्या मधली शहरे

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपालिका आहेत तशाच राहणार, दोघींची मिळून एक महापालिका होणार, की उल्हासनगरही त्यात येणार, हा प्रश्न कितीतरी वर्षे लोंबकळत पडला आहे. निवडणूक जवळ आली की तो वर येतो, निकाल लागला की मागे पडतो. आपले शहर उद्या कोणाच्या हद्दीत असेल याची खात्री नसणे, हा इथल्या नागरी जीवनाचा स्थायीभाव झाला आहे.

याची सुरुवात 1983 ची. त्या वर्षी कल्याण महापालिका झाली आणि डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूरही तिच्यात घातले गेले. उल्हासनगर मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे अंबरनाथचा माणूस कामासाठी महापालिकेत निघाला की वाटेत उल्हासनगर हे दुसरेच राज्य ओलांडून कल्याण गाठत असे. 1992 मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन्ही शहरे बाहेर पडली आणि त्यांना आपापल्या नगरपालिका मिळाल्या. कल्याणजवळच्या 27 गावांची फरफट तर याहून मोठी: 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत.

उल्हासनगरची घडणच वेगळी. कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे आसरा मिळाला आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. आजही तिथल्या पत्त्यात आधी बॅरेक नंबर येतो, मग खोली, मग सेक्शन आणि शेवटी कॅम्प. सैनिकांच्या लांबलचक बराकींत आडव्या भिंती घालून एकेका कुटुंबाला खोल्या दिल्या गेल्या. पुढे त्याच जागेवर मजले चढले, दुकाने आणि कारखाने उभे राहिले. बेकायदा बांधकामे इतकी वाढली की ती नियमित करण्यासाठी विधिमंडळाला 2006 मध्ये खास या शहरापुरता कायदा करावा लागला. महापालिका 1996 मध्येच आली होती, पण तेवढ्याने घरांचा प्रश्न सुटला नाही. महापालिकेच्या दर्जाकडे आशेने पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात घ्यावा.

महाराष्ट्रात महापालिकेसाठी किमान 3 लाख लोकसंख्या लागते. अंबरनाथ आणि बदलापूरची मिळून लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 4 लाखांपुढे होती, तेव्हा आकड्यांची अडचण नाही. अडचण अधिकारांची आहे. नगरपालिकेत नगराध्यक्ष थेट मतदार निवडतात. महापालिकेत महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची सूत्रे शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतात. दर्जा वाढतो, मतदाराचा हात मात्र आखडतो. मुळात अधिकार आधीच विखुरलेले आहेत: आजही अंबरनाथमध्ये औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचे आणि आयुध निर्माणीची वसाहत केंद्राची आहे, तर दोन्ही शहरांचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. त्यातच 2015 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे दोन्ही नगरपालिकांत प्रशासक होते. एवढा काळ लाखो लोकांना आपल्या वॉर्डासाठी जाब विचारायला नगरसेवकच नव्हता, ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

एकत्र येण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वालधुनी नदी देते. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला, म्हणजे 1060 च्या शिलालेखाच्या त्या काळ्या दगडी मंदिराला, खेटून ती वाहते. पुढे उल्हासनगरमधून कल्याणकडे जाताना तिच्यात कारखान्यांचे रंग, रसायने आणि गटारे मिसळतात. एका शहराची घाण दुसऱ्याच्या दारात जाते आणि जबाबदारी प्रत्येक हद्दीवर पुढच्याकडे ढकलली जाते. पण त्यासाठी एकच महापालिका हवी असे नाही; नदीसाठी, कचऱ्यासाठी, रस्त्यांसाठी या शहरांची कायमस्वरूपी संयुक्त यंत्रणा आजच्या हद्दी कायम ठेवूनही उभी करता येईल.

हद्द बदलण्याची अधिसूचना निघण्याआधी शासन हरकती आणि सूचना मागवते. तेव्हा इथल्या रहिवाशांनी पक्षाच्या फलकाकडे पाहून नव्हे, तर पाणीपट्टी, घरपट्टी, नदी आणि नगराध्यक्ष निवडण्याचा आपला अधिकार यांचा हिशेब मांडून लेखी म्हणणे द्यावे.