वाघाची बारस

आपल्याकडे दिवाळीचा पहिला दिवा गायीसाठी लागतो. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूला ओवाळायचे, तिच्या मुखी घास द्यायचा, आणि मग आपण फराळाकडे वळायचे. पण अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर हीच तिथी वाघबारस म्हणून पाळतात. गायीच्या दिवशी वाघाची पूजा! हे नवल पाहायला गेल्या वर्षी मी भंडारदऱ्याच्या पुढची एक चढण धापा टाकीत चढून गेलो.

समोर १६४६ मीटर उंचीची कळसूबाई उभी होती. खाचरांत भात पिवळे पडले होते, आणि वरच्या उतारांवर खुरासणी फुलली होती. त्या हलक्या जमिनीत एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घ्यायची, आणि मग जमिनीला काही वर्षे स्वस्थ निजू द्यायचे, अशी इथली जुनी रीत. जमिनीलाही विसावा लागतो, हे या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही.

वाघोबा शिवेवर होता. शेंदूर माखलेला दगड. त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य. घरोघरचे तांदूळ, दूध, गूळ गोळा करून गुराख्यांनी तिथेच खीर शिजवली. मग एक पोरगा वाघ झाला, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीच्यांनी त्यांना रानाकडे पिटाळले आणि आमच्या शिवारात पुन्हा येणार नाही असे कबूल करून घेतले. केवढा तो गलका!

शेजारी बसलेल्या म्हातारबांना मी विचारले, "बाबा, जो गुरे नेतो त्यालाच नैवेद्य?"

"रान त्याचं बी हाये," ते म्हणाले. "त्यानं त्याच्या जागी ऱ्हावं, आमी आमच्या."

पट्टेवाला वाघ या डोंगरांतून केव्हाच गेला. आता आहे तो बिबट्या. पण मला चिंता वाटली ती वाघाची नव्हे, गुराख्यांची. वाघ झालेला पोरगा आश्रमशाळेत नववीत शिकणारा, सुटीपुरता आलेला. गोठ्यांतली गुरे कमी झाली आहेत. भात निघाले की पुष्कळ घरांना कुलपे लागतात. माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. पोरांनी शिकू नये असे कोण म्हणेल? पण गुरामागे जाणारेच उरले नाहीत, तर वाघाला शब्द मागणार कोण?

म्हातारबांच्या घरी आजींनी वरईचा भात वाढला. कोपऱ्यात शेणाने सारवलेली कणगी होती, आणि राखेत घोळवलेले बियाणे मडक्यात जपून ठेवलेले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना असे गावरान बियाणे राखल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा विषय निघताच आजींचा चेहरा उजळला. जणू सख्ख्या बहिणीचाच मान झाला होता.

निघताना त्यांनी घेवड्याचे पाच दाणे माझ्या हातावर ठेवले. मी सहज म्हटले, "आजी, आमच्याकडे शेत कुठले? गॅलरीत तीन कुंड्या आहेत."

"कुंडीत माती असंल ना?" त्या म्हणाल्या. "लावा. पाच नेलंत, धा आणा."

बाजारात आपण पैसे देतो आणि मोकळे होतो. इथे मात्र कुणी कुणाला मोकळे सोडत नाही. वाघाला नाही, जमिनीला नाही, पाहुण्यालाही नाही. यंदाच्या बारशीला मला दहा दाणे घेऊन ती चढण पुन्हा चढायची आहे. वेल कठड्यावर चढला आहे, आणि कालच पहिल्या शेंगा धरल्या आहेत.