यंत्राला आपलं गाव दिसतं का?

बालमित्रांनो, आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठावर तेर नावाचं गाव आहे. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल. पण तेरची ओळख त्याहूनही कितीतरी जुनी आहे बरं का! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एक पुस्तिका लिहिली गेली. समुद्रावरून चालणाऱ्या व्यापाराची माहिती देणारी. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तिच्यात लिहिलं आहे, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात येतं. ते तगर म्हणजेच आपलं तेर! ती पुस्तिका लिहिणाऱ्याचं नाव काळाच्या ओघात पुसलं गेलं, पण त्याच्या चार ओळी टिकल्या. म्हणून तगरचं नाव जगाला ठाऊक आहे.

लिहिलेलं टिकतं, असं आपण नेहमी म्हणतो. पण नुसतं लिहून भागत नाही. ते समोरच्याला वाचताही आलं पाहिजे. आणि आजकाल वाचणारा माणूसच असेल, असंही नाही!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला ‘माझे गाव’ हा प्रकल्प चालू होता. मुलं म्हणाली, “मॅडम, मोबाईलमधल्या त्या हुशार यंत्राला विचारू की!” हुशार यंत्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं, प्रश्न विचारला की उत्तर देणारं. आधी आम्ही तेरबद्दल विचारलं. काय फडाफडा उत्तर दिलं त्याने! गोरोबाकाका, तगर, विटांनी बांधलेलं त्रिविक्रम मंदिर, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय, सगळं सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग आमच्या गावाचं नाव घातलं. यंत्र जराही न अडखळता म्हणालं, की हे गाव नदीकाठी वसलेलं असून गावाजवळच्या टेकडीवर एक प्राचीन किल्ला आहे. आता काय सांगायचं! आमच्या गावाला ना नदी, ना टेकडी. किल्ला तर स्वप्नातही नाही. सगळा वर्ग खो खो हसला. पण मागच्या ओळीतला एक मुलगा मान खाली घालून वहीत लिहीत होता. मी जाऊन पाहिलं, तर सुंदर अक्षरात लिहिलेलं, ‘आमच्या गावात प्राचीन किल्ला आहे.’

“अरे, तू पाहिलास का हा किल्ला?”

“न्हाई मॅडम. पण ते सांगायलंय की! त्याला समदं माहीत असतंय.”

त्याचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. जन्मल्यापासून ज्या गावात तो हुंदडला, त्या गावाबद्दल त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा यंत्रावर जास्त विश्वास ठेवला होता!

हे यंत्र शिकतं तरी कसं? इंटरनेटवरची अब्जावधी पानं त्याला वाचायला दिली जातात. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो, हे ते त्यातून शिकतं. तेरबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलंय, म्हणून तेर त्याला बरोबर सांगता येतं. आमच्या गावाबद्दल त्याने काही वाचलेलंच नव्हतं. अशा वेळी गप्प बसावं ना? पण नाही. अभ्यास न केलेला, तरी बोलण्यात पटाईत असा एखादा मुलगा तोंडी परीक्षेत कसा ठोकून देतो, तसं त्याने ठोकून दिलं. पुष्कळ गावांना नदी असते, पुष्कळ गावांना किल्ला असतो. मग याही गावाला असेल!

आता थोडा हिशेब पाहू. ‘कॉमन क्रॉल’ नावाची एक संस्था २००७ पासून इंटरनेटवरची पानं गोळा करून ठेवते. अशी अनेक यंत्रं त्या साठ्यावर शिकली आहेत. त्यातली निम्म्याच्या जवळपास पानं एकट्या इंग्रजीची आहेत. आणि मराठीची? शंभरात एकसुद्धा भरत नाही! २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारी माणसं ८ कोटी ३० लाख होती. एवढ्या माणसांची भाषा, आणि वाचनालयात तिच्या वाट्याला एक कोपरासुद्धा नाही!

मग मराठीत कुणी लिहिलंच नाही का? छे, छे! भरपूर लिहिलं. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि त्या सुमारास ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द गावोगावी पोचला. खेड्यातल्या शिक्षकांनी पदरमोड करून संकेतस्थळं बनवली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. २०२० मध्येच करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर शिक्षकांनी रात्री जागून स्वाध्याय तयार केले.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांचंही असंच एक संकेतस्थळ आहे. आठ वर्षांची मेहनत. गाणी, गणितं, स्वाध्याय, सगळं आपल्या मराठीत. आम्ही यंत्राला विचारलं, “चौथीच्या मुलांसाठी मराठीतले स्वाध्याय कुठे मिळतील?” त्याने मोठमोठी नावं सांगितली, दोन तर चक्क इंग्रजी. सरांच्या संकेतस्थळाचं नाव काही घेतलं नाही. सर हसले, पण डोळे काही हसले नाहीत. म्हणाले, “आठ वर्षं झाली, आणि ह्याला माझा पत्ताच नाही!”

असं का झालं असेल? आम्ही दोघांनी बसून शोध घेतला आणि काही कारणं सापडली.

पहिलं कारण चित्रांचं. अनेक स्वाध्याय कागदावर लिहून त्यांचे फोटो चढवलेले होते. एखादा फोटो समोर धरला, तर आजची यंत्रं त्यातली अक्षरं ओळखू शकतात. पण कोट्यवधी पानं गोळा करताना मुख्यतः टाइप केलेला मजकूरच उचलला जातो. फोटोतली अक्षरं मागे राहतात.

दुसरं कारण मोठं गमतीचं आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. ‘युनिकोड’ नावाच्या पद्धतीत जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिलेला आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. आपलं ‘तेर’ संगणकाला असं दिसतं: २३४०, २३७५, २३५२. म्हणजे त, एक मात्रा आणि र. पण जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. आपल्याला दिसे मराठी, यंत्राला दिसे अर्थहीन इंग्रजी! (एक कोडं घालू? २३४४, २३४२, २३६८ हा शब्द कोणता? त म्हणजे २३४०, पुढे थ, द, ध, न क्रमाने मोजा. २३६८ ही दीर्घ वेलांटी.)

तिसरं कारण कुलपाचं. काही पाठ पासवर्ड घातल्याशिवाय उघडतच नव्हते. गोळा करणारं यंत्र बाहेरूनच परत जाणार, नाही का? शिवाय प्रत्येक संकेतस्थळाला आपल्या वेशीवर एक पाटी लावता येते: ‘यंत्रांनी आत यावं’ किंवा ‘येऊ नये’. ही पद्धत १९९४ पासूनची आहे. सरांच्या वेशीवर ‘येऊ नये’ अशी पाटी होती! संकेतस्थळ उभारून देणाऱ्याने ती लावलेली, सरांना पत्ताच नव्हता. पाटी लावावी की काढावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्या वेशीवर काय लिहिलंय, हे घरधन्याला तरी माहीत हवं!

आणखी एक कारण खास आमच्या जिल्ह्याचं. २०२३ साली उस्मानाबादचं नाव धाराशिव झालं. जुनी पानं एका नावाची, नवी दुसऱ्या नावाची. म्हणून पानावर दोन्ही नावं एकदा तरी लिहावीत, म्हणजे जुनं आणि नवं जोडलं जातं.

मग सर कामाला लागले. महत्त्वाचे स्वाध्याय त्यांनी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. प्रत्येक पानावर इयत्ता, विषय आणि पाठाचं नाव स्पष्ट लिहिलं. त्यांनी माझ्या वर्गाच्या प्रकल्पालाही एक पान दिलं. मुलांना मी सांगितलं, “मोबाईल ठेवा. म्हाताऱ्या माणसांकडे जा.”

काय काय आणलं मुलांनी! गावातली जुनी आड कुणी खोदली, दुष्काळात टँकर कुठे थांबायचा, पारावरचा पिंपळ कुणी लावला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या लोहारा आणि उमरगा भागातही हाहाकार उडाला होता. त्या पहाटेची आठवण एका आजींनी सांगितली. लेकरांना गोधडीसकट उचलून त्या अंगणात धावल्या होत्या. सांगता सांगता त्यांचा आवाज कापू लागला, असं नातीने वहीत लिहिलं होतं. मुलांनो, असल्या गोष्टी कुठल्याच यंत्राला ठाऊक नसतात. माणसानं लिहिल्याशिवाय त्या कुणालाच कळत नाहीत.

पान तयार करताना आम्ही एक नियम मात्र कडक पाळला. मुलांची नावं, फोटो, फोन नंबर, घराचा पत्ता काहीही घातलं नाही. आजींची आठवण त्यांना विचारून घेतली, तीही नावाशिवाय. पालकहो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. जगाला आपलं गाव दिसावं. आपल्या लेकराचं घर दिसायची गरज नाही.

आता तुम्ही विचाराल, यंत्राला तुमचं गाव दिसलं का? अजून नाही. अशी यंत्रं रोज नवं शिकत नाहीत. त्यांचं शिक्षण ठरावीक काळाने होतं. काही यंत्रं विचारल्यावर इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, पण तिथेही लहान पान मोठ्यांच्या गर्दीत मागे पडतं. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणालं, “या गावाबद्दल माझ्याकडे खात्रीची माहिती नाही.” मला तर हे उत्तर पहिल्यापेक्षा शंभरपट आवडलं!

आणि तो किल्ला लिहिणारा मुलगा? त्याने आपणहून ती ओळ खोडली. तिच्याखाली आडेची माहिती लिहिली: किती परस खोल, कोणत्या बाजूला पायऱ्या. मला वही दाखवत म्हणाला, “मॅडम, ह्याला माहीत न्हाई. आपल्याला माहीत हाय.”

बालमित्रांनो, यंत्राला जरूर विचारा. ते कधी खूप उपयोगी पडतं. पण उत्तर मिळालं की एक प्रश्न आणखी विचारायचा: “हे तुला कुठून कळलं?” मग विश्वकोशात पाहा, पुस्तकात पाहा, गुरुजींना नाहीतर आजोबांना विचारा. आणि या रविवारी एक काम करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि आपल्या गावाबद्दलच्या दहा ओळी लिहून काढा. आधी वहीत, मग आईबाबांच्या मदतीने मोबाईलवर, मराठी अक्षरांत. ‘majhe gaon’ असं इंग्रजी अक्षरांत नको बरं का! ओळी दहाच असू द्या, पण खऱ्या असू द्या.