‘इंधन’ वाचताना

हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. कोकणातील मुस्लिम घरातला मुलगा वर्षानुवर्षे मुंबईत राहून आजारपणात गावी परततो. वडील आहेत, भाऊ आहे, मायाही आहे. पण मुंबईने घडविलेले त्याचे मन त्या घरात सामावत नाही.

दलवाई स्वतः चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ साली त्यांनी सात मुस्लिम भगिनींचा मोर्चा सचिवालयावर नेला. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, ज्याच्या नावातच महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाचे स्मरण आहे. हा इतिहास आम्ही वर्गात आवडीने शिकवितो. कादंबरीचा नायक मात्र असा लढवय्या नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांस तोच अधिक जवळचा वाटला.

कारण कुळगावच्या आपल्या वसतिगृहातील मुलेही दर सुटीत असेच घरी परततात. येथे त्रिशरण-पंचशील म्हणणारा, प्रश्न विचारावयास शिकलेला मुलगा तेथे आजीने अंगारा लावला की काय करतो? हात झिडकारावा तर आजी दुखावते. गप्प बसावे तर स्वतःचेच मन खाते. आम्ही शिक्षक त्यास प्रश्न देतो, आजी मात्र त्याची त्यालाच सांभाळावी लागते. दलवाईंच्या नायकालाही यावर तोडगा सापडत नाही.

सुटीहून परतलेल्या मुलांना आम्ही हल्ली गृहपाठाआधी विचारतो, ‘घरी काय बोलणे झाले?’